हेवा, दावा आणि मत्सर

मराठ्यांच्या इतिहासाचे कोणतेही पुस्तक उघडावे, ऱ्हासाच्या प्रकरणात एक शब्द हटकून भेटतो. तो शब्द म्हणजे मत्सर. सरदारांच्या मत्सराने राज्य बुडाले, भावाच्या मत्सराने भाऊ मारला गेला, एका दौलतीला दुसरीचे बरे पाहवेना म्हणून परका आत शिरला, असे आपण शाळेच्या बाकापासून ऐकत आलो आहो. हे उत्तर फार सोयीचे आहे. ते एकदा दिले म्हणजे पुढचा प्रश्न विचारण्याची गरज कोणास वाटत नाही. आज या व्याख्यानमालेत त्या शब्दाची आणि त्याच्या गोतावळ्याची थोडी चौकशी करावी, असे आम्ही योजिले आहे. विषय केवळ कोशाचा असता, तर तो पंडितांवर सोपवून आम्ही स्वस्थ बसलो असतो. परंतु मोर्णेच्या काठी, असदगडाच्या उरल्यासुरल्या बुरुजांजवळ नांदणाऱ्या या जुन्या शहराला त्या शब्दाशी इतिहासातही काम पडले आहे आणि वर्तमानातही पडते, म्हणून तो येथे काढणे योग्य वाटते.

प्रथम शब्दांकडे वळू. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर ही षड्रिपूंची यादी आपल्या घराघरांत मुलांना पाठ असते. त्यांत मत्सर शेवटचा. मौज अशी की, ऋग्वेदात हा शब्द दुर्गुणाचा नाही. तेथे तो सोमरसाचे विशेषण आहे, आणि त्याचा अर्थ उल्लसित करणारा, चढणारा असा आहे. मद आणि मत्सर हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघालेले सख्खे भाऊ होत. पुढे एक भाऊ स्वतःच्या मोठेपणाने झिंगणारा ठरला, तर दुसरा परक्याच्या मोठेपणाने जळणारा. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कौटिल्याने राजाला जिंकावयास सांगितलेले सहा शत्रू काम, क्रोध, लोभ, मान, मद आणि हर्ष हे आहेत. मत्सर त्यांत नाही! राजपुत्र हे खेकड्यांसारखे जन्मदात्यालाच खाणारे असतात, या पूर्वाचार्यांच्या मताची ज्याने अर्थशास्त्रात दखल घेतली, त्याला घरातले वैर माहीत नव्हते असे कोण म्हणेल? परंतु त्यावर त्याचे सारे लक्ष राजपुत्रांच्या रक्षणाकडे, शिक्षणाकडे आणि वारसाच्या निवडीकडे आहे. मनातल्या मत्सरावर त्याने राज्याचे खापर फोडले नाही. हा धागा आम्हांस पुढे उपयोगी पडणार आहे.

मत्सराची भावंडे पुष्कळ आहेत, आणि आपण त्यांना एकाच पंक्तीला बसवतो ही चूक आहे. अमरकोशाने ईर्ष्या व असूया यांत स्पष्ट भेद केला आहे. दुसऱ्याचा उत्कर्ष सहन न होणे ही ईर्ष्या, आणि दुसऱ्याच्या गुणावरही दोषाचा आरोप करणे ही असूया. म्हणजे ईर्ष्या मनात राहते, असूया जिभेवर येते. अत्रिऋषींच्या पत्नीचे नाव अनसूया. जिच्या वाणीला परक्याच्या गुणांत दोष सापडत नाही, ती. ईर्ष्येचे मूळ क्षेत्र पतिपत्नीच्या संशयाचे. अथर्ववेदात ती शमविण्याचे मंत्र आहेत, म्हणजे त्या काळी तिला रोग समजत व तिच्यावर उपाय करीत. द्वेष निराळा. त्याला दुसऱ्याचे वाईट व्हावयास हवे असते. तो दुसरा सुखी असो वा दुःखी, आपल्याहून वरचा असो वा खालचा. वैराला घडलेल्या अपकाराची आठवण लागते. मत्सराला अपकार लागत नाही. समोरच्याचे बरे झाले, एवढे त्याला पुरते.

आणि हेवा? हा शब्द आमच्या मराठीने फार प्रेमाने जपला आहे. उत्तरकालीन संस्कृत ग्रंथांत तीव्र इच्छा या अर्थाने ‘हेवाक’ असा शब्द आढळतो, आणि कोशकारांनी त्याचा मराठी हेव्याशी संबंध जोडला आहे. तो संबंध कसाही असो, हेव्यात इच्छेचा अंश आहे यात शंका नाही. ‘हेवा वाटावा असे यश’ ही आपण स्तुती म्हणून वापरतो. ‘मत्सर वाटावा असे यश’ म्हणताना जीभ अडखळते. हेवा म्हणतो, त्याला मिळाले तसे मलाही मिळावे. मत्सर म्हणतो, मला मिळो न मिळो, त्याचे जावे. ग्रीसच्या ॲरिस्टॉटलनेही हाच भेद दोन वेगळ्या शब्दांनी दाखवून पहिल्याला सज्जनाचा विकार म्हटले आणि दुसऱ्याला हलक्या माणसाचा.

लोकभाषेने तर या विकाराला शरीरात जागा नेमून दिली आहे. तो पोटात दुखतो, डोळ्यांत खुपतो, आतून जाळतो. ज्याच्याविषयी तो वाटतो, त्याला आपण पाण्यात पाहतो. दृष्ट लागू नये म्हणून लहानग्याच्या गालाला काजळाचा तीट लावतो आणि नव्या घराच्या दाराला लिंबू-मिरची टांगतो. लॅटिन भाषेतही या विकाराचे नाव वाकड्या नजरेने पाहणे या क्रियापदावरूनच आले आहे. रोमचा नागरिक आणि वऱ्हाडातला शेतकरी या दोघांनीही मत्सराचे घर डोळ्यांत मानले. पाहणे घडते ते जवळच्याचे. दिल्लीच्या बादशहाच्या संपत्तीने कोणा पाटलाचे पोट दुखल्याचे ऐकिवात नाही. शेजारच्या धुऱ्यापलीकडच्या कपाशीने मात्र दुखते.

येथे शब्दांचा दुसरा एक गट पुढे येतो, आणि आमच्या मते साऱ्या विषयाची किल्ली त्यात आहे. संस्कृतात शत्रूला ‘सपत्न’ म्हणतात. हा शब्द ‘सपत्नी’ म्हणजे सवत, यावरून बनला. दुसरा शब्द ‘भ्रातृव्य’. भावाचा मुलगा हा त्याचा सरळ अर्थ. वैदिक वाङ्मयात तो चुलतभाऊ आहे आणि शत्रूही आहे. हे दोन्ही अर्थ इतके रूढ होते की, पाणिनीला एका नात्यासाठी एक आणि शत्रूसाठी एक अशी दोन सूत्रे करावी लागली. तिसरा शब्द ‘दायाद’, म्हणजे वारशाचा भागीदार. तोही पुढे भांडणाऱ्या भाऊबंदाच्या अर्थाने चालू लागला. मराठीने यात आपली भर घातली ती ‘भाऊबंदकी’ या शब्दाची. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी नारायणराव पेशव्यांच्या खुनावर १९०९ साली नाटक रचले, तेव्हा त्याला हेच नाव दिले, आणि ते ऐकून कोणाही मराठी माणसाला अर्थ विचारावा लागला नाही. हे सारे शब्द एकत्र ठेवून पाहा. सवत, चुलतभाऊ, वारस, भाऊबंद. शत्रूची ही नावे ज्यांचा एकाच वाट्यावर हक्क आहे, त्यांच्या नात्यांवरून पडली आहेत.

तसाच एक जोडशब्द ‘हेवेदावे’. आपण तो एका दमात उच्चारतो, पण त्याच्या दोन अंगांचे कूळ वेगळे आहे. दावा हा अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला कचेरीचा शब्द. त्याचा मूळ अर्थ हक्काची मागणी, फिर्याद. आजही आपण दिवाणी दावा लावतो. त्याच शब्दाने पुढे वैराचाही अर्थ घेतला, आणि दावा धरणे म्हणजे डूख धरणे झाले. मनातला हेवा आणि कचेरीतला दावा यांची आमच्या पूर्वजांनी एक मोट बांधली, कारण त्यांच्या अनुभवात ते दोघे नेहमी बरोबरच येत. परंतु इतिहास लिहिणाराने ती मोट सोडून पाहिली पाहिजे. दाव्याला हिशेब असतो. किती, कशावरून, कोणत्या कागदाने, हे त्याला विचारता येते. मत्सराला हिशेब नसतो.

आता आपल्याच परिसरातले उदाहरण घेऊ. १७५५ साली नागपूरकर रघूजी भोसले वारले. त्यांना चार पुत्र होते. जानोजी आणि साबाजी हे धाकट्या पत्नीचे, मुधोजी आणि बिंबाजी हे थोरल्या पत्नीचे. वयाने जानोजी वडील. परंतु मुधोजी थोरल्या राणीचा मुलगा. वारस कोण? वयाने मोठा की आईच्या मानाने मोठा? दोन्ही नियमांना आधार होता आणि दोहोंपैकी कोणता खरा, हे आधी कोणी ठरवून ठेवले नव्हते. भांडण पुण्यास गेले. पेशव्यांनी जानोजीस सेनासाहेबसुभा केले, मुधोजीस सेनाधुरंधर हे पद देऊन चांद्याकडचा मुलूख दिला, बिंबाजीकडे छत्तीसगड आणि साबाजीकडे दारव्हा आले. प्रत्येकास वाटा मिळाला, परंतु मूळ प्रश्नाचा निकाल लागला नाही.

१७७२ साली जानोजी निपुत्रिक वारले. मुधोजीचा मुलगा रघूजी यास त्यांनी वारस ठरविले होते. पण जानोजीची पत्नी दर्याबाई हिच्या पाठिंब्याने साबाजी पुढे सरसावला. १७७३ साली अकोल्याजवळच्या कुंभारी गावी दोघा भावांच्या फौजा एकमेकींशी भिडल्या. निर्णय झाला नाही. पुण्याच्या दरबारातही त्या वेळी दोन तट होते. त्यांनी नागपूरचे हे दोन पक्ष आपापल्या सोयीने उचलून धरले. अखेरीस १७७५ साली नागपूरजवळ पाचगाव येथे पुन्हा लढाई होऊन मुधोजीच्या गोळीने साबाजी मारला गेला.

या प्रकरणाला मत्सर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही विचारतो, कोणी कोणाचा मत्सर केला? मुधोजी आपल्या मुलाचे दत्तकाने आलेले पद मागत होता. साबाजी गादीवरच्या सख्ख्या भावाचा पाठचा भाऊ म्हणून मागत होता. दोघांच्याही हातांत कारण होते, दोघांच्याही पाठीशी माणसे होती. सवतीवरून बनलेला ‘सपत्न’ हा शब्द जणू या चौघा भावांना पाहूनच घडवला असावा, इतका तो येथे तंतोतंत लागू पडतो! या भावांच्या जागी चार साधू आणून बसविले असते, तरी वारशाचा नियम असाच संदिग्ध असता तर त्यांच्या कारभाऱ्यांनी त्यांना कुंभारीच्या मैदानावर आणून उभे केले असते. मत्सर होता की नव्हता, हे त्यांच्या अंतर्यामीच जाणे. नियम नव्हता, हे कागदावर दिसते. आणि कौटिल्याने ज्याकडे बोट दाखविले होते, ते हेच.

या कुळाची पुढची गोष्टही आपल्या जिल्ह्यातच घडली. तेल्हारा तालुक्यातील अडगाव येथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ तारखेला देवगावच्या तहाने भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडावा लागला. तो निजामाकडे गेला. या युद्धात यशवंतराव होळकर दूर राहिले, आणि ते शिंद्यांच्या मत्सराने दूर राहिले असे सांगण्याची वहिवाट आहे. वस्तुतः १७९७ साली पुण्यात शिंद्यांच्या फौजेने यशवंतरावांचा भाऊ मल्हारराव याला ठार केले होते आणि मल्हाररावाचा तान्हा मुलगा शिंद्यांच्या कैदेत पडला होता. १८०१ साली दुसरा भाऊ विठोजी याला दुसऱ्या बाजीरावाने हत्तीच्या पायी दिले. ज्याच्या दोन भावांचे असे झाले, तो दूर राहिला याला वैर म्हणावे, अदूरदृष्टी म्हणावी, हवे तर सूडही म्हणावे. मत्सर हा शब्द तेथे लावला म्हणजे ज्यांनी अन्याय केला ते निसटतात, आणि सारा दोष ज्याने तो सोसला त्याच्या स्वभावावर येऊन पडतो. इतिहासात या एका शब्दाने असे पुष्कळ अपराधी सुटले आहेत.

मग जुन्या लोकांना हा रोग आवरण्याची काही युक्ती ठाऊक नव्हती काय? होती, आणि ती गावपातळीवर चांगली चालत असे. पाटीलकीचे वतन दोन घरांत वाटले गेले म्हणजे जमिनीबरोबर मानही वाटावा लागे. पोळ्याला कोणाचा बैल पुढे, होळीची पहिली पोळी कोणाची, पानसुपारी आधी कोणाच्या हाती, शिरपाव कोणी आधी घ्यावा, कागदावर निशाणी कोणाची वर आणि कोणाची खाली, हे सारे कलमवार लिहून ठेवीत. तंटा पडला तर गोतसभा बसे, साक्षी होत आणि निकालाचा महजर होऊन त्यावर जमलेल्यांच्या निशाण्या पडत. आज आपल्याला ते कलम वाचून हसू येते. बैल पुढे गेला काय आणि मागे गेला काय! परंतु त्या माणसांनी एक गोष्ट नीट ओळखली होती. माणसाच्या मनातला हेवा काढून टाकता येत नाही; त्याला दाव्याचे रूप देऊन चावडीवर आणता येते, आणि चावडीवर आलेल्या गोष्टीचा निकाल लावता येतो.

या युक्तीला एक मोठी उणीव होती, तीही सांगितली पाहिजे. गोतसभेत ज्याला जागा, त्याचाच दावा. ज्याला जागाच नव्हती, त्याने काही मागितले की तो उद्दाम तरी ठरे, नाही तर मत्सरी. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून चळवळ झाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अमरावतीस भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, आणि या चळवळीत डॉ. पंजाबराव देशमुख अग्रभागी होते. त्या मागणीकडे आपल्या व्याख्येच्या कसोटीने पाहा. एकाने दर्शन घेतल्याने दुसऱ्याचे दर्शन तिळभरही कमी होत नाही. मागणाऱ्याला कोणाचे काही घालवायचे नव्हते; जे सर्वांचे म्हणून सांगितले जाते, ते आपलेही असावे एवढेच होते. आमच्या मते हक्काची मागणी आणि मत्सर यांतला भेद यापेक्षा स्वच्छ दाखविणारे उदाहरण मिळणे कठीण. दुसऱ्याच्या मागणीला मत्सर म्हणणे हे पुष्कळदा असूयेचेच एक रूप असते. कारण गुणावर दोषाचा आरोप हीच तिची खूण.

आता अलीकडे येऊ. ८ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला आठवडा उरला असता, याच अकोल्यात एक करार झाला. संयुक्त महाराष्ट्र व्हावा, पण त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत व त्यांची वेगवेगळी विधिमंडळे असावीत, अशी अकोला कराराची योजना होती. ती तशी अमलात आली नाही. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. त्यात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च करण्याचे आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरास भरविण्याचे मान्य झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्मास आले. या करारांविषयी मते अनेक आहेत, आणि वेगळे राज्य असावे की नसावे हा आजचा आमचा विषय नव्हे. आम्हांस त्यांचे स्वरूप पाहावयाचे आहे. ते महजराचेच वंशज आहेत. दोन भाऊ एका घरात राहावयास निघाले, तेव्हा त्यांनी वाटे आधी लिहून काढले.

राहुरीस १९६८ साली कृषी विद्यापीठ निघाले आणि वऱ्हाडात आपल्यालाही ते हवे अशी मागणी जोराने उठली. याला कोणी हेवा म्हणाले तर आम्ही नाही म्हणणार नाही. परंतु तो हेवा पाहा कसा होता. राहुरीचे बंद पाडा, असे अकोला म्हणाले नाही; कापसाच्या मुलखाला आपले संशोधन हवे, असे म्हणाले. १९६९ साली अकोल्यात विद्यापीठ स्थापन झाले आणि डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आज ते मिरविते. मागितले ते मिळाले, आणि तेवढ्यापुरती जळजळ थांबली. मिळाल्यावर जी थांबते, तिला मत्सर म्हणू नये.

पुढे १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. रस्ते, पाटबंधारे, शिक्षण, आरोग्य अशा एकेका खात्यात राज्याची सरासरी काढून कोणता जिल्हा तिच्या किती खाली आहे, हे तिने मोजले. १९८४ च्या अहवालात ही तूट साऱ्या राज्यात सुमारे ३,१८६ कोटी रुपयांची निघाली, आणि तिच्यातला सुमारे ३९ टक्के वाटा विदर्भाचा होता. या हिशेबाने मराठीच्या व्यवहारात एक शब्द पक्का रुजविला, तो म्हणजे अनुशेष. आमच्या मते मत्सराच्या साऱ्या इतिहासात हा शब्द फार मोलाचा आहे. ‘तुम्हांला सारे, आम्हांला काही नाही’ हे जोपर्यंत नुसते बोलणे असते, तोपर्यंत ऐकणारा त्याला पोटदुखी म्हणून उडवून लावतो. त्याचा आकडा निघाला की त्याला उत्तर द्यावे लागते. उत्तर दिले जातेच असे नाही. संविधानाच्या तरतुदीनुसार १९९४ साली झालेली विकास मंडळे २०२० मध्ये मुदत संपून थांबली. परंतु आकडा कागदावर राहतो, आणि पुढच्या पिढीला तो पुन्हा मागता येतो.

येथवर ऐकून आपल्यापैकी काहींना समाधान वाटले असेल, की मागणे आपले ते हक्काचे ठरले. श्रोतेहो, कसोटी एकच असली पाहिजे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. मुंबईकडे पाहून आपण जे म्हणत होतो, तेच वाशीम अकोल्याकडे पाहून म्हणत होते. तेव्हा आपण त्याला काय नाव दिले, हे प्रत्येकाने स्वतःशी आठवून पाहावे. मोर्णेच्या पूर्वेला नवे शहर वाढले. या काठच्या जुन्या शहराने रुंद रस्ता, स्वच्छ नाली मागितली तर त्याला आपण काय म्हणतो? घरात धाकटा भाऊ वाटणीचा कागद पाहू म्हणाला, बहिणीने वडिलांच्या शेतातला आपला भाग विचारला, म्हणजे कोणता शब्द प्रथम आपल्या तोंडी येतो? १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली देशाने कायदा बदलून मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला, तरी बहिणीच्या प्रश्नाला कायद्याचे नाव मिळण्याऐवजी अजून हेव्याचे नाव मिळते, हे आपण पाहतोच.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. मत्सर नाहीच, असे आम्ही म्हणत नाही. तो आहे, आणि तो ज्याच्या मनात शिरतो त्याला आधी खातो. त्याच्यावर पतंजलीने सांगितलेला मुदितेचा उपाय, म्हणजे दुसऱ्याच्या पुण्याने आनंदित होण्याची सवय, हाच खरा. आणि तो ज्याचा त्याने करावयाचा आहे. परंतु मुदिता दुसऱ्याला शिकविण्यापूर्वी त्याचा वाटा त्याच्या पदरात पडला आहे की नाही, हे पाहणे आपले काम आहे. इतिहास वाचताना मत्सर हा शब्द आला की तेथे थांबावे आणि विचारावे, वाटा कोणता होता, नियम कोणता होता, आणि निकाल कोणी टाळला. चावडीवर, सभेत, घरात तोच शब्द आला तर हेच तीन प्रश्न विचारावे. कुंभारीच्या मैदानावर दोन भावांच्या फौजा उभ्या राहण्यापूर्वी अठरा वर्षे हे प्रश्न विचारावयास वेळ होता. तो कोणी विचारला नाही. आपल्या घरातल्या आणि गावातल्या वाटण्यांना अजून वेळ आहे, एवढे आपणांस विनवून आम्ही रजा घेतो.